आयाळीखाली

इनामदार सरांचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी येऊन चहा टाकला होता. “मॅडम, जागा रिकामी करायचीय. सगळी घोडी मार्गी लागली, एक बंडूच राहिलाय. त्याला रविवारी वरातवाले नेणार आहेत. तुम्हाला भेटायचं असेल तर त्याआधी येऊन जा,” असं ते म्हणाले. सरांचा आवाज नेहमीसारखा कोरडा. मी “येते” म्हणाले आणि फोन ठेवून ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी मी तिथेच.

बंडू हा घोडा. रेसमधलं त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं आणि त्यात सोनं, विजय असं सगळं होतं. जिंकला मात्र कधीच नव्हता. रेसमधून सुटल्यावर तो सरांकडे आला आणि सरांनी त्याचा बंडू केला. मला पुन्हा घोड्यावर बसायला त्याने शिकवलं. तरी घोडा घ्यायची वेळ आली तेव्हा मी त्याला नको म्हटलं, कारण त्याच्या मानेवर आयाळीखाली नागीण, म्हणजे केसांची अशुभ खूण, आहे असं दादाने मला सांगितलं होतं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. ती नागीण मी स्वतः कधी पाहिली नाही. या खेपेला पाहायचीच, असं ठरवून शनिवारी शाळा सुटल्यावर निघाले.

सांगवीतून निघून नाशिक फाटा ओलांडला, की भोसरी, मोशी, कुरुळी असं करत चाकण येईपर्यंत पुढे कंटेनर आणि मागे कंटेनर. रस्त्यात थांबत थांबत जायची मला सवय आहे. एरवी चिडचिड होते, त्या दिवशी झाली नाही. उलट प्रत्येक सिग्नलला वाटत होतं, अजून थोडा वेळ लाल राहू दे.

सरांची जागा चाकणच्या पुढे, दोन कंपन्यांच्या मधोमध. एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग रंगवायची कंपनी, दुसऱ्या बाजूला गोदाम, आणि मध्ये तीन पत्र्याच्या शेडी, एक कडुनिंब आणि माती सपाट करून केलेलं रिंगण. रंगाचा तिखट वास आणि लिदीचा ऊबदार वास तिथे कायम एकत्र असायचे. निवडणुकीच्या ट्रेनिंगला त्या बाजूला गेले असताना मला ही जागा पहिल्यांदा दिसली होती. एसटीच्या खिडकीतून कंपनीच्या भिंतीमागे चार घोडी चरताना दिसली आणि मी पुढच्याच थांब्यावर उतरले. पन्नाशीला टेकलेली मराठीची बाई, खांद्याला ट्रेनिंगची पिशवी, साडीचा काठ धुळीत. सरांनी फाटक उघडलं आणि विचारलं, “कुणाला भेटायचंय?” मी घोड्यांकडे बोट दाखवलं.

आता शेडी रिकाम्या होत्या. पत्रे उतरवले होते, रिंगणात मोजणीवाल्यांनी खुंट्या ठोकून त्यांना लाल फडकी बांधली होती. कडुनिंबाखाली बंडू एकटाच उभा होता, एक मागचा पाय सैल सोडून. मी जवळ गेले. त्याने माझ्या पर्समध्ये तोंड घातलं, गुळाचा खडा शोधला आणि खाल्ला. मी त्याच्या गळ्याला नाक लावलं. घोड्याच्या घामाला ओल्या पोत्यासारखा, किंचित गोड वास येतो. तो वास आला, की माझं वय गळून पडतं आणि मी पुनावळ्यात असते.

आमचं पुनावळे. हल्ली तिथे वीस-वीस मजल्यांचे टॉवर आहेत आणि त्यांची नावं परदेशातल्या गावांसारखी. मला आठवतं ते ज्वारीचं. थंडीत कणसं भरली की पाखरं हाकायला मचाणावर बसायचं, गोफण फिरवायची आणि हुरड्याच्या आगट्यांचा धूर केसांत घेऊन घरी यायचं. नदीकडून वारा आला की कडब्याच्या गंजीतून सळसळ व्हायची. गोठ्यात आबांचे चार बैल आणि कोपऱ्यात, वेगळ्या गव्हाणीला, रंभा.

रंभा ही आबांची घोडी. आमच्याकडे यात्रेला बैलगाड्यांचा घाट भरतो. घाट म्हणजे चढाची धाव. बैल गाडा घेऊन सुटतात आणि त्यांच्या पुढे एक घोडी पळते, वर स्वार. बैलांनी जीव तोडून पळावं म्हणून ती पुढे. गाडा सुटला की माइकवरून आरोळी उठते, लोक ओरडतात, भंडाऱ्याच्या मुठी उधळतात आणि सगळं पिवळं होऊन जातं. त्या दिवशी आबा रंभेवर बसायचे. डोक्याला गुलाबी फेटा, पायांत काही नाही, अनवाणी टाचा घोडीच्या पोटाला. आई डोळे मिटून घ्यायची. मी मिटायचे नाही.

इतर दिवशी रंभा माझी. आधी आबांच्या पुढ्यात बसून शेतावर जायचे, मग हळूहळू एकटी. खोगीर नसायचं, गोधडीची घडी टाकायची आणि सुती दोरीचा लगाम धरायचा. दादाला घोडीचं वेड नव्हतं, त्याला बैल. तो बैलांच्या शिंगांना तेल लावत बसायचा आणि मी रंभेला खरारा करायचे. धूळ निघाली की तिची पाठ चमकायची आणि उन्हात तिच्या अंगावरून हात फिरवला की हाताला चटका बसायचा. भावकीतल्या बायका आईला म्हणायच्या, “पोरगी घोड्यावं बसतीया, सोयरिकीला कोन येनार हाय?” आई हसून टाळायची. आबा म्हणायचे, “घोड्यावं बसूनच सासरी जाईल ती.”

आबांनी मला घोडं पाहायला शिकवलं. आधी पाय, मग दात, मग डोळे आणि सगळ्यात शेवटी भोवरे. घोड्याच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. गळ्यापाशी असला तर देवमण, घरात भरभराट. आणि आयाळीखाली केस उलटे फिरून नागमोडी रेघ उमटली, तिचं तोंड स्वाराकडे असलं, तर ती नागीण. असं घोडं स्वाराला खाली घेतं, धन्याचं वाटोळं करतं. आबा हे सांगताना आवाज खाली आणायचे. “आन बायामानसांनी नागीन मुद्दाम बगू न्हाई,” असंही म्हणायचे. मी विचारलं होतं, का? “न्हाई बगायची म्हंजी न्हाई,” एवढंच उत्तर मिळालं होतं. देवमण मात्र मी रंभेच्या गळ्यावर रोज बोटाने शोधायचे. तो होता. अगदी नीट, बांगडीएवढा.

मी पडले त्या दिवशी ओढ्याच्या काठाने येत होते. पायाखालून टिटवी ओरडत उडाली, रंभा बाजूला उडाली आणि मी दगडांवर. मनगट विचित्र वळलं होतं. रंभा पळून गेली नाही. माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि तिने खाली मान घालून माझे केस हुंगले. हाडवैद्याच्या पट्ट्या, अंबाडीचा लेप, त्याचा आंबूस वास. रात्रभर हात ठणकत होता आणि आबा उशाशी बसून होते.

“तुजी चूक न्हाई, चिमे,” ते म्हणाले. घरात मला सगळे चिमीच म्हणत. “घोडीच्या मानंला नागीन हाय. इतके दिस माज्या ध्यानात आली न्हाई.”

दोन-चार दिवसांत जुन्नरकडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. रंभा फळीवरून चढेना. तिच्या टापांचा लाकडावर झालेला तो आवाज, पोकळ, थांबत थांबत येणारा, मी अजून ऐकू शकते. हात गळ्यात अडकवून मी ओसरीवर उभी होते. टेम्पो वळणापलीकडे गेला तेव्हा मी आबांना विचारलं, “मी पडले नसते तर रंभा राहिली असती ना?”

आबा धुळीकडे बघत म्हणाले, “व्हय.”

त्यानंतर मी घोड्यावर बसले नाही. कुणी मनाई केली नव्हती. घोडा समोर आला की तळहातांना घाम फुटायचा आणि गुडघे माझे राहायचे नाहीत, इतकंच. लग्न झालं, सांगवीत आले, कासारवाडीच्या शाळेत लागले. घरच्यांबरोबर महाबळेश्वरला गेले की सगळे घोड्यावर आणि मी त्यांच्या पर्सा, चपला सांभाळत कठड्यापाशी. “खेड्यातली असून घाबरतेस?” नवरा चिडवायचा. मी हसायचे. घोड्याला घाबरत नव्हते मी. आपण पडलो की कुणीतरी आपलं जातं, या गोष्टीला घाबरत होते. हे त्याला कसं सांगणार? मलाही ते सरांच्या रिंगणात उभं राहीपर्यंत नीट माहीत नव्हतं.

सर एका कंपनीत मेंटेनन्सला होते, निवृत्तीनंतर सगळा पैसा घोड्यांत घालून बसले होते. त्यांनी मला घाई केली नाही. कित्येक रविवार तर मी फक्त बंडूला खरारा केला. मग त्याच्या शेजारून चालले. मग एकदा सर म्हणाले, “आज वर चढून बघा. नाही जमलं तर उतरा.” मी रिकिबीत डावा पाय घातला, अंग उचललं आणि अर्ध्यावर थिजले. ना वर, ना खाली. खोगिराला मी घोरपड चिकटावी तशी चिकटले होते. रेसचा घोडा म्हणजे रिकिबीत पाय पडला की सुटणार, हे मला ऐकून माहीत. बंडू हलला नाही. माशी बसली तरी त्याने कातडी थरथरवली नाही. मी रडले, नाक पुसलं आणि पाय पलीकडे टाकला. तोवर तो तसाच उभा.

“त्याच्या कानांकडे बघा,” सर शिकवायचे. “पुढे असले तर रस्ता बघतोय. मागे वळले तर तुमचं ऐकतोय.” मग मी त्याच्याशी बोलायला लागले. आधी शाळेतलं, मग घरचं, मग रंभेचं. त्याचे कान मागे वळायचे. रंगवायच्या कंपनीचा भोंगा व्हायचा, दुसरी शिफ्ट आत जायची, पहिली डबे वाजवत बाहेर पडायची आणि भिंतीवरून पोरं ओरडायची, “ओ काकू, जोरात!” मी दुडक्या चालीवर असायचे आणि हसायचे. घरी आल्यावर मांड्या दुखायच्या, त्या दुखण्याचीही मला मौज वाटायची.

भाऊबीजेला दादाला ओवाळताना त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, “बोल, काय देऊ?” दादा आता बाळूशेठ आहे. पांढरे कपडे, पांढरी गाडी, बोटांत अंगठ्या. जमिनीवर टॉवर उभे राहिले, पण थोडा तुकडा त्याने राखलाय आणि त्यावर गोठा बांधलाय, फरशीचा, पंख्यांचा. घाटावरची बंदी उठल्यापासून त्याच्या गोठ्यात पुन्हा बैल आहेत. मी म्हटलं, “साडी नको. मी घोडा घेणार आहे, माझ्या पैशाने. तू बघायला चल. आबा नाहीत, तर तू चल.”

त्याचे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही, भरून आले. “चिमे, आबा बघत असतील गं,” तो म्हणाला. “माज्या गोठ्यात ठेव. तू यायचं, बसायचं, जायचं. बाकी सगळं मी बगतो.” निरांजनाच्या उजेडात तो अगदी आबांसारखा दिसत होता.

पुढच्या रविवारी आम्ही सरांकडे गेलो. मी बंडूचं इतकं कौतुक सांगितलं होतं, की दादा गाडीत चिडवत होता, “घोडा हाय का जावई?” तिथे गेल्यावर त्याने आबांसारखंच सगळं केलं. पायांवरून हात फिरवला, ओठ उचलून दात पाहिले, डोळ्यांपुढे रुमाल हलवला. मी चढायच्या बाजूला उभी होते. तो पलीकडे गेला, त्याने आयाळ उचलली आणि जिभेने चक् असा आवाज केला.

“नागीन हाय,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तोंड तुज्याकडं.”

मी बंडूपासून एक पाऊल मागे सरले.

“मी भोवरे बघत नाही, पाय बघतो,” सर म्हणाले. “पण मॅडम, तुम्ही स्वतः एकदा बघून घ्या ना.”

“तिनं बगायची नसती,” दादा म्हणाला. आबांचंच वाक्य, आबांच्याच आवाजात. आणि मी मान हलवली. चार हातांवर आयाळ होती. उचलली असती तर तिथल्या तिथे काय ते कळलं असतं. पण दादावर अविश्वास दाखवायचा, तोही आबांच्या विद्येवर, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

मग तो दुसऱ्या शेडीकडे वळला. तिथे एक काळी घोडी होती, रेसमधून नुकतीच सुटलेली, उभ्या जागी नाचणारी. सर म्हणाले, “हिला अजून वर्षभर निवू द्या. मॅडमच्या जोगी नाही ही.” दादाने तिच्या गळ्यावर देवमण दाखवला. तो खरा होता, मी बोट फिरवून पाहिला. “रंभीच आली म्हन परत,” दादा म्हणाला. एवढं एक वाक्य पुरलं. बंडूला निरोपाचा गूळसुद्धा न देता मी काळी घोडी घेऊन आले.

तिचं नाव मी बकुळा ठेवलं. सुरुवातीचे महिने गोड गेले, हे मला नाकारता येत नाही. रविवारी सकाळी गोठ्यात जायचं, ओल्या हिरव्या चाऱ्याचा वास, बैलांच्या घंटा, वहिनीच्या हातची भाकरी. टॉवरच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर मी बकुळेला चालवायचे. ती ओढायची, मी धरायचे, आणि वाटायचं, भीती अशीच जाते. मग थंडी सरली, गावोगावच्या यात्रा लागल्या आणि बकुळा बदलली. रविवारी मी जाईपर्यंत ती आधीच थकलेली असायची. पायांना हात लावला तर गरम. एकदा खरारा करताना आयाळीच्या मुळाशी पिवळी पूड निघाली. मी वहिनीला विचारलं. “देवीचा भंडारा लावलाय, नजर लागू न्हाई म्हनून,” वहिनी म्हणाली आणि लगबगीने आत गेली. मी ते मानलं. मानायचंच ठरवलं की माणसाला काहीही पटतं.

एका रविवारी मी प्लॉटवर बकुळेवर होते. शेजारच्या सोसायटीत कसलासा कार्यक्रम होता. कुणीतरी माइक सुरू केला आणि म्हटलं, “हॅलो, हॅलो.”

बकुळा सुटली. उधळली असं म्हणता येणार नाही, उधळलेलं जनावर वेडंवाकडं पळतं. ही सरळ पळाली, मान ताणून, रेघ मारल्यासारखी, जणू मागे बैल आहेत. मी आयाळ मुठीत धरली. प्लॉटच्या टोकाला कंपाऊंडची भिंत होती. भिंतीशी ती आपली आपण थांबली आणि थरथरत, कान टवकारून, पुढच्या आरोळीची वाट बघत उभी राहिली. मी पडले नाही. पण त्या क्षणी मला सगळं कळलं, कारण मी घाटवाल्याची पोर आहे. माइक वाजला की सुटायचं, हे घोडीला एका दिवसात येत नाही. कुणीतरी घडवावं लागतं.

दुपारी चुलतभावाच्या मोबाइलवर स्टेटस पाहिला. भंडाऱ्याच्या पिवळ्या ढगातून बकुळा येत होती, वर कुणी तिसराच स्वार, मागे दादाचे बैल आणि माइकवरून दादाचं नाव. सगळ्या गावाने पाहिलं होतं. मला तेवढं कुणी दाखवलं नव्हतं. मला कळायच्या आत माझ्या घोडीवर भंडारा पडला होता.

मी दादाशी भांडले नाही. गोठ्यात जाणं बंद केलं, इतकंच. तो दोनदा फोन करून म्हणाला, “येतीस का न्हाई? तुजीच हाय घोडी.” आणि मी तळहातांना पुन्हा तोच जुना घाम घेऊन घरी बसले. घोडी त्याने वापरली याचा राग होताच. त्याहून मोठी एक शंका मनात येऊन बसली होती. तिच्याकडे मी बघत नव्हते, जसं कधी आयाळीखाली बघितलं नाही. काळी घोडी त्याला हवीच होती, तर मग बंडूची नागीण?

म्हणून या शनिवारी मी कडुनिंबाखाली उभी होते. सर लांब एका उलट्या बादलीवर बसून लगामांचे चामडे पुसत होते. ते म्हणाले, “मावळात एक छोटी जागा पाहिलीय. दोन घोडी तिकडे नेलीत. तिसऱ्याला जागा आहे, पण तो कुणाचा तरी हवा. माझ्याच्याने आता जास्त झेपत नाही.” ते माझ्याकडे बघत नव्हते. वरातवाल्यांकडे गेला तर बंडू बँडपुढे, स्पीकरच्या भिंतींपुढे, फटाक्यांत उभा राहणार, आणि तो उभाच राहील, हलणार नाही, हे मला माहीत होतं. त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

मी चढायच्या बाजूने फिरून पलीकडे गेले. बायकांनी बघायची नसते. हात आयाळीवर ठेवला. केस राठ, उन्हाने तापलेले. मी ते मुठीत घेतले आणि वर उचलले.

काही नव्हतं.

मी जवळ जाऊन पाहिलं. कानापासून खांद्यापर्यंत बोटं फिरवली, केसांच्या दिशेने, मग उलटी. अलीकडचीही बाजू पाहिली. भोवरा नाही, रेघ नाही, वळणसुद्धा नाही. सगळे केस एका दिशेने खाली आलेले, भांग पाडून विंचरल्यासारखे. साधी, स्वच्छ, तपकिरी मान.

मला रडू आलं नाही, संताप आला. त्याने मला वेगाची घोडी हवी म्हणून सरळ सांगितलं असतं तर मी रागावले असते, आणि दिलीही असती. पण त्याने आबांचा आवाज काढला. माझ्या आयुष्यात एकच गोष्ट मी डोळे झाकून मानली होती, नेमकी तीच त्याने उचलली. मी तिथूनच त्याला फोन लावला.

तो घाटावरच होता. मागे माइक, हलगी, माणसांचा गलका. “बोल चिमे! आज बारी लागलीया आपली,” तो आनंदात ओरडला.

“दादा, बंडूच्या मानेला नागीण नाही.”

“कोन बंडू?”

“सरांचा घोडा. तू आयाळ उचलून नागीण आहे म्हणालास. मी आत्ता बघितली मान. काही नाही तिथे.”

मग तो हसला. मला वाटलं होतं चरफडेल, सारवासारव करेल. तो मोकळा हसला, चोरलेल्या कैऱ्या सापडल्यावर लहानपणी हसायचा तसा.

“आता त्ये जुनं कशाला उकरतीस? मला घोडी पायजे व्हती. तू त्या म्हाताऱ्या घोड्यावं आडून बसलेली. आबांनी न्हाई का तुला तसंच गप केलं व्हतं?”

“म्हणजे?”

“रंभीच्या येळंला. रंभीला कुटं नागीन व्हती? जुन्नरच्या पाव्हन्याशी तर यात्रंतच सौदा ठरला व्हता. आबांना तुला सांगायचं व्हईना, जीव जडलेला तुजा. तेवड्यात तू पडलीस.” माइकवर कुणीतरी आरोळी दिली, तो थांबला आणि पुन्हा बोलला. “आयतं कारन घावलं बग आबांना. मला वाटलं, तुला ठावं असंल एवाना. बरं, ठेवतो, गाडा सुटतोय.”

फोन बंद झाला. आयाळ अजून माझ्या मुठीत होती.

मनगटाकडे पाहिलं. अजूनही थंडीत दुखतं ते. उशाशी बसलेले आबा आठवले, अंबाडीचा आंबूस वास, त्यांचा माझ्या कपाळावरचा हात. तो हात खोटा नव्हता, हे मला माहीत आहे आणि माहीत असूनही उपयोग नाही. तुझी चूक नाही म्हणाले होते. आणि मग ओसरीवर, टेम्पोची धूळ खाली बसायच्या आत, मी पडले नसते तर ती राहिली असती ना, या प्रश्नाला “व्हय” म्हणाले होते. सौदा आधीच ठरला होता, एवढं तरी सांगायचं. “न्हाई” म्हणायला काय लागत होतं? त्या एका “व्हय”वर मी सगळं आयुष्य कठड्यापाशी उभं राहून दुसऱ्यांच्या चपला सांभाळल्या. दादाने मला फसवलं, त्याचं काही नाही, तो बैलांचा माणूस. आबा माझे होते.

“काय ठरलं मॅडम?” सरांनी बादलीवरूनच विचारलं.

“वरातवाल्यांना नको म्हणून कळवा,” मी म्हटलं. “खोगीर आहे का अजून?”

सरांनी खोगीर आणलं आणि पट्टा आवळला. मी रिकिबीत पाय घातला, अंग उचललं आणि अर्ध्यावर पुन्हा थिजले. बंडू उभा होता. मी पाय पलीकडे टाकला.

आम्ही खुंट्यांच्या मधून चालत निघालो. लाल फडकी वाऱ्याने हलत होती, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. कान पुढे, रस्त्याकडे. रंगवायच्या कंपनीचा भोंगा झाला, पहिली शिफ्ट डबे वाजवत बाहेर पडली. रिंगणाच्या टोकाला, जिथून भिंतीपलीकडचा रस्ता दिसतो, तिथे मी त्याला थांबवलं. रस्त्याने एक टेम्पो वळणापलीकडे गेला आणि मागे धूळ राहिली.

“न्हाई,” मी मोठ्याने म्हणाले. “तू पडली नसतीस तरीबी रंभा गेलीच असती, चिमे.”

बंडूचे कान मागे वळले.